जपून ठेवलेली बाई

“माझ्या वतीने बोलायला तुला सांगितलं कोणी?”

एर्मिंदाने हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा नूबियाला ऐकू गेलं नव्हतं, किंवा गेलं असेल तर तिने तसं दाखवलं नव्हतं. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून कोथिंबीर चिरत होती आणि तिच्या सुरीचा आवाज आईच्या आवाजापेक्षा मोठा होता.

“आई, जरा मोठ्याने बोला. तुमचं सगळं तोंडातल्या तोंडात राहतं.”

“फोन. मला न विचारता केलास.”

“हो, केला. काल दुपारी केला. आणि चांगलं केलं. आता ती टोपी काढा, पिशवी ठेवा आणि बसा. चांगुआचा वाडगा गार होतोय.”

एर्मिंदा तिबादुइसा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. डोक्यावर फेल्टची टोपी, अंगावर शालीसारखा तपकिरी लोकरीचा रुआना, खांद्याला पिशवी. पिशवीत टॉवेल, बदलायचे मोजे आणि पाण्याची बाटली. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती अशीच निघायची, तुंजा शहराची बस पकडायला. आज पाय उंबऱ्यातच चिकटले. असे चिकटले की जणू फरशीला कोणी खिळवून ठेवलेत. ती पाय उचलायच्या खटपटीत असतानाच खालच्या वळणावर बसचा भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला आणि बस गेली. तेव्हा मागून लेकीने शांतपणे सांगितलं होतं, “धडपडू नका. तुंजाचा व्यायाम तुम्ही सोडलात, असं मी विद्यापीठात कळवलंय.”

एर्मिंदाला संताप आला होता. पूर्वीची एर्मिंदा असती तर पिशवी टेबलावर आपटली असती आणि तिचा आवाज खालच्या वाटेवरच्या माणसालाही ऐकू गेला असता. पण आजाराने तिचा आवाज नेला, मग चेहरा. भुवया वर चढत नव्हत्या, ओठ आवळले जात नव्हते. आत कितीही कढ आला तरी बाहेरून बाई शांत, जराशी खुळीच दिसायची. माणूस रागावला तर समोरच्याने निदान दचकावं तरी. तिच्या रागाला कोणी मान वळवूनसुद्धा बघत नव्हतं, आणि याचा तिला आणखीच राग येत होता.

“नूबियाचं काही चुकलेलं नाही,” कोळशाच्या चुलीपुढे बसलेली कुस्तोदिया म्हणाली. ती एर्मिंदाची थोरली नणंद. नवरा गेल्यापासून भावाकडे राहायला आलेली. “मीच सांगितलं तिला. आधी अंग तापवायचं, घाम गाळायचा, आणि तसंच उठून माळावरच्या वाऱ्यात बसची वाट बघत उभं राहायचं! तापलेल्या काचेवर गार पाणी ओतून बघ एकदा, काय होतं ते.”

“मी काच नाही, वन्सं.”

“काय म्हणतेय?” कुस्तोदियाने भाचीला विचारलं.

“काच नाही म्हणतात.”

“मग कोण आहे म्हणे?”

कुस्तोदियाच्या लेखी जगात आजार एकच होता: ऊन अंगाला गारठा भेटला की माणूस संपला. इस्त्री केल्यावर तिने जन्मात कधी फ्रिजचं दार उघडलं नव्हतं. इस्त्रीच्या दिवशी ती हातसुद्धा न धुता झोपे. तिचा नवरा पावाच्या भट्टीपुढून उठून गारांच्या पावसात गेला आणि त्याचं तोंड वाकडं झालं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टर त्याला दुसरं काही नाव देत होते, पण डॉक्टर त्या दिवशी तिथे नव्हते, ती होती. तिच्या या ज्ञानाला त्या डोंगरात कोणी हसत नसे. एर्मिंदाही कधी हसली नव्हती. इस्त्रीनंतर तिनेही कधी गार पाण्यात हात घातला नव्हता. म्हणून तर आजवर ती ऐकून घेत आली होती.

ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा घर डोंगराच्या खांद्यावर आणि दुधाची गाडी खाली वळणावर, अशी व्यवस्था होती. गाडी वर येत नसे, वाट कच्ची होती. नवरा कांपो एलियास दूध काढी आणि एर्मिंदा ते खाली पोचवी. सायकलच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे कॅन, डोक्यावर टोपी, रुआनाची टोकं मागे गाठ मारलेली. जाताना भरलेले कॅन, येताना रिकामे. उतारावर ब्रेक दाबत जायचं आणि चढावर उभ्याने पेडल मारत यायचं. चार मुलांच्या बाळंतपणांपुरतीच काय ती सुट्टी. सान इसिद्रोच्या जत्रेत गवळणींची शर्यत असे: भरलेला कॅन झाकण न लावता सायकलला बांधून चर्चला वळसा घालायचा, जिचं दूध कमी सांडेल ती जिंकली. बक्षीस मेंढी. एर्मिंदाने इतक्या मेंढ्या घरी आणल्या, की शेवटी पाद्रीबाबांनी तिला परीक्षक करून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कोणाला मेंढी मिळेल.

आजार आला तो चोरपावलांनी, नाकातून. चुलीवर दूध करपलं तरी तिला वास आला नाही. सारखं सारखं करपू लागलं. “लक्ष कुठे असतं तुझं?” असं कांपो एलियास विचारू लागला. मग चालताना उजवा हात झुलायचा बंद झाला. मग चीजला मीठ लावताना तो थरथरू लागला. दवाखान्यातून पार्किन्सन असं नाव घेऊन ते परत आले, आणि त्या दिवसापासून घराने तिला जपायला सुरुवात केली.

आधी केरसुणी काढून घेतली. मग दुधाचे कॅन, मग चीजचं घमेलं, मग बटाटे सोलायची सुरी. ओसरीवर पांढरी प्लास्टिकची खुर्ची आली, तिच्यावर नूबियाने उशी शिवून घातली. “माणसाला देव शक्तीची शिदोरी बांधून देतो,” कांपो एलियास म्हणे, “तुझी तू कॅनबरोबर वाटेवर सांडलीस. आता उरलीय ती पुरवून पुरवून वापर.” तो प्रेमानेच म्हणे. तिच्या पायांवर घोंगडी घाली, आणि गुराढोरांत जाई. एर्मिंदा दिवसभर त्या खुर्चीत बसून समोरच्या उतारावरची आपली वाट बघत राही. कपाटात चांगल्या बशा असतात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. त्या फुटत नाहीत हे खरं. पण त्यांत कोणी जेवतही नाही.

एकदा गोठा आणि घर यांच्या मधोमध तिचे पाय असेच चिकटले. आसपास कोणी नव्हतं. भिंतीला तिची जुनी सायकल टेकवलेली होती. आधारासाठी तिने हँडल धरलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पाय आपोआप वरून पलीकडे गेला. पुढच्या क्षणी ती वाटेवर होती. ज्या पायांना एक पाऊल उचलता येत नव्हतं ते पाय गोल गोल फिरत होते, एकामागून एक, न अडखळता. ती हसली असावी. चेहऱ्यावर दिसलं नसेल, पण आत ती खदखदून हसली. मागून कुस्तोदियाची किंकाळी आली, कांपो एलियास बादली टाकून धावला. त्याने सायकल बटाट्याच्या कोठीत नेऊन साखळीने बांधली आणि कुलपाची किल्ली गळ्यात अडकवली, चिकिंकिराच्या देवमातेच्या बिल्ल्याशेजारी.

“देवाने वाचवलं,” तो म्हणाला.

“कशापासून?” एर्मिंदाने विचारलं होतं. तेही कोणाला ऐकू गेलं नव्हतं.

पुढे तुंजाच्या विद्यापीठात काही लोक हवे होते, हाच आजार असलेले. आठवड्यातून तीनदा येऊन जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर जोराने पेडल मारायची, काही महिने. सुरुवातीला मांडी बधिर करून स्नायूचा एक बारीक धागा काढणार, शेवटी आणखी एक. तिथली डॉक्टर पिन्सोन वयाने नूबियाएवढीच होती. तिने एक गोष्ट केली जी आजवर कुठल्याच डॉक्टरने केली नव्हती. तिने कांपो एलियासला बाहेर बसवलं आणि ‘दोन्या’ अशी मानाने हाक मारून एर्मिंदाकडे बघून बोलली.

“शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक घर धरा, दोन्या एर्मिंदा. घरात बारीक बारीक चुली असतात. खाल्लेलं अन्न त्यांवर जळतं आणि त्यातून ताकद मिळते. तुमच्या आजारात मेंदूतल्या काही घरांतल्या चुली धुमसतात, धूर जास्त आणि आच कमी. स्नायूंमधल्या चुलीही मंदावत असाव्यात, असं आम्हाला वाटतं.”

“आणि मी पेडल मारून काय होणार?”

“स्नायूने जास्त ताकद मागितली, की शरीर मोडक्या चुली काढून टाकतं आणि नव्या मांडतं. निरोगी माणसांत असं होतं हे माहीत आहे. तुमच्यासारख्यांत होतं का, किती होतं, ते मोजायचंय. म्हणून दोन धागे. पहिला आमच्याकडे असेल आणि दुसरा मिळाला नाही, तर पहिल्याचाही उपयोग नाही.”

“आणि बसून राहिलं तर?”

“ज्या चुलीकडे कोणी काही मागत नाही, तिच्यात कोळसा कोण घालणार?”

“आजार जाईल माझा?”

“नाही,” पिन्सोन म्हणाली. “तसं वचन मी देणार नाही.”

तो ‘नाही’ एर्मिंदाला इतका आवडला, की तिने तिथल्या तिथे सही केली. सही मुंगीएवढी आली, पण तिची होती. निघताना पिन्सोनने तिचा तोल तपासला, चालवून बघितलं, वळवून बघितलं, आणि तिच्या सायकलची गोष्ट ऐकून सांगितलं, की ट्रकांच्या रस्त्यावर अजिबात नाही, पण घराच्या वाटेवर, सपाटीला, शेजारी कोणी चालत असेल तर तिची हरकत नाही. हे एर्मिंदाने घरी येऊन सांगितलं. कांपो एलियासने गळ्यातला बिल्ला चाचपला आणि विषय बदलला.

मांडीवरची पट्टी बघून कुस्तोदियाने छाती पिटली होती. “माणसाचं मांस काढून घेतलं! आणि बदल्यात काय दिलं? बसचं भाडं आणि एक केळं! उद्या चौकात त्याचे चोरिसो सॉसेज विकायला बसले, तर मी तरी घेणार नाही बाई!”

तरी एर्मिंदा जात राहिली. काही आठवड्यांनी ब्लाउजची बटणं तिला स्वतःला लावता येऊ लागली. खुर्चीच्या हातांना न धरता उठता येऊ लागलं. पण हे सगळं सकाळचं, आणि सकाळी घरात कोणाला बघायला वेळ नसे. घर बघे ती संध्याकाळ. आणि तुंजाहून आल्या दिवसाची संध्याकाळ वाईट जाई. हात असा थरथरे की चमचा टिकत नसे, पाय फरशीला धरून राहत, अंग लाकूड होई. तुंजाला न गेलेल्या दिवशी असं होत नसे. “बघ,” कुस्तोदिया म्हणे, “गारठा आत शिरलाय.” ती धावाधाव करी. एर्मिंदाने पिशवी खाली ठेवायच्या आत तिच्यापुढे वाफाळता चांगुआ येई, दूध उकळून त्यात अंडी सोडलेला, वर चीजचे जाड तुकडे. “पी आधी! गारठा बाहेर पडेल.” आणि त्याच घोटाबरोबर दुपारची गोळी.

एर्मिंदा ते निमूट पीत असे. खरं तर अलीकडे तिलाही वाटू लागलं होतं, की हे लोक म्हणतात ते खरं असेल. दुसऱ्या धाग्याला थोडेच दिवस राहिले होते आणि तिचा स्वतःच्या पायांवरचा विश्वास उडत चालला होता. म्हणून तिला आज इतका राग आला होता. ती स्वतः सोडायच्या विचारात होती, हे कबूल. पण सोडलं तर ते तिने सोडायचं होतं.

“चुलीला कोळसा घातला नाही म्हणजे कोळसा वाचतो,” ती म्हणाली, “पण जपून ठेवलेल्या चुलीवर जेवण झालेलं बघितलंय कोणी?”

“हे काय चुलीचं?” कुस्तोदिया म्हणाली. “चूल चांगली पेटलीय की!”

मागच्या दाराने कांपो एलियास आत आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात फेसाळ दुधाची बादली.

“काय चाललंय सकाळी सकाळी? गाईंना ऐकू जातंय.”

“गाईंना जातं,” एर्मिंदा म्हणाली, “माणसांना जात नाही.”

“हिला अजून तुंजाला जायचंय,” कुस्तोदियाने सांगितलं.

कांपो एलियासने बादली खाली ठेवली, हात पुसले. “कशाला गं म्हातारे हट्ट करतेस? शनिवारी रात्री तुला बिछान्यावर कोणी उचलून ठेवलं? मी. तुझे पाय मी चोळले. त्या पोरीने चोळले का? तिचं काय जातंय! तिला तिचे कागद भरायचेत.”

“ती मला विचारते. तुम्ही विचारत नाही.”

“विचारते! डॉक्टर लोक! यांचं काय ऐकायचं?” तो आता रंगात आला. घरातल्यांना हसवायचं असलं की तो डॉक्टरांच्या गोष्टी सांगे. “तो पहिल्या दवाखान्यातला चष्मेवाला आठवतो? तुला तपासणीला आत नेलं होतं, तेव्हा मला बोलावून म्हणतो, ही गोळी दुधाबरोबर देऊ नका. दूध नको, चीज नको, मांस नको, गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या नाहीतर जेवणानंतर तासाभराने. दूध नको! हे सांगतोय कोणाला? मला! ज्याचा बाप दुधावर जगला, ज्याने चार पोरं दुधावर मोठी केली, त्याला! मी म्हटलं, हो डॉक्टरसाहेब, आणि टोपी घालून बाहेर आलो. असल्या लोकांच्या हातात तू मांडी देतेस!”

तो हसला. कुस्तोदियाही हसली, “दूध नको म्हणे!” असं म्हणून तिने गालावर बोट ठेवलं.

नूबिया हसली नाही. तिची सुरी थांबली होती.

एर्मिंदाने टेबलाकडे बघितलं. तिच्या जागेपुढे चांगुआचा वाडगा होता, वर कोथिंबीर आणि चीजचे तुकडे. वाडग्याशेजारी बशीत सकाळची गोळी, लेकीने आठवणीने काढून ठेवलेली. एरवी सकाळी ती नुसत्या काळ्या कॉफीबरोबर घ्यायची; चांगुआ आज तिला बसवून ठेवायला केला होता.

“परत सांगा,” ती म्हणाली.

“काय?”

“तो काय म्हणाला ते. न हसता सांगा.”

कांपो एलियासने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते तेवढं विनोदी वाटलं नाही.

“वन्सं. तुंजाहून आल्यावर मी काय खाते?”

“चांगुआ. मीच तर करते. गारठा निघावा म्हणून.”

“गोळी कधी घेते?”

“त्याच्याबरोबरच की. रिकाम्या पोटी औषध…”

“आणि ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी दुपारी?”

कुस्तोदियाने आठवायला वेळ घेतला. “त्या दिवशी काय, दोन बटाटे खातेस मीठ लावून. गोळी तेव्हाच. चांगुआ कशाला करू त्या दिवशी, अंग कुठे तापलेलं असतं?”

चुलीत कोळसा तडतडला.

“फोन लाव,” एर्मिंदा लेकीला म्हणाली. “तुंजाला. आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेव.”

“आई, ऐका ना…”

“लाव.”

पिन्सोनचा आवाज स्वयंपाकघरात आला तेव्हा त्यात संकोच होता. “दोन्या एर्मिंदा? तुम्हीच बोलताय? नाही, म्हणजे… काल तुमच्या मुलीने सांगितलं की तुम्हाला आता नीट कळत नाही. काय चाललंय ते लक्षात येत नाही, तुमचं बोलणं धरू नका. मला फार वाईट वाटलं. गेल्या शनिवारी तर तुम्ही अगदी ठीक होतात.”

नूबियाचे कान लाल झाले. तिने ओट्यावरची कोथिंबीर उगाच गोळा केली, उगाच पसरली. कांपो एलियासने लेकीकडे बघितलं. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

एर्मिंदाने जमेल तेवढा श्वास आत घेतला. आवाज लावायचा तर आधी छाती भरा, हे पिन्सोननेच शिकवलं होतं.

“मला सगळं कळतं,” ती म्हणाली. यावेळी ते मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं. “माझा चेहरा चालत नाही. डोकं चालतं. सोडलं असं मी म्हटलेलं नाही.”

“बरं झालं सांगितलंत. फारच बरं झालं.”

“आता एक सांगा. गोळी दुधाबरोबर घेतली तर काय होतं?”

“दुधाबरोबर घेता?”

“दूध, अंडी, चीज. तुमच्याकडून आले की दर वेळी.”

“अरे देवा. हे आम्ही विचारायला हवं होतं. दूध आणि ही गोळी पोटातून आत जायला एकाच दाराशी रांगेत उभी राहतात. दूध धक्का मारून पुढे जातं, गोळी बाहेर राहते. मग औषध पोचतच नाही, आणि थरथर, ताठरपणा वाढतो. संध्याकाळचा त्रास त्यानेच होत असेल असं मी फोनवरून ठामपणे नाही सांगणार. पण मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी हे बदललं असतं. व्यायाम नाही, दूध. म्हणजे दूधही बंद नको करायला, फक्त वेळ बदला.”

“माझी जागा आहे अजून?”

“आहे. गुरुवार, शनिवार, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा धागा. पण ते तुम्ही सांगायला हवं. दुसऱ्या कोणी नाही.”

“मीच सांगतेय,” एर्मिंदा म्हणाली, आणि फोन लेकीच्या हातात दिला.

आता सगळ्यांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. कुस्तोदिया म्हणाली, दूध दाराशी धक्के मारतं हे तिने आजवर ऐकलं नव्हतं, दुधाला काय हात असतात? कांपो एलियास म्हणाला, त्या चष्मेवाल्याने नीट समजावून सांगायला हवं होतं. नुसतं नको म्हटल्यावर कोण ऐकतं? असं म्हणताना तो बायकोकडे बघत नव्हता, बादलीकडे बघत होता. दुधावरचा फेस बसू लागला होता.

“ते मान्यच करत नव्हते,” नूबिया म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “आईला स्वतः बोलू द्या म्हणत होते. मग मी सांगितलं की तुम्हाला कळत नाही. दुसरं काय सांगणार? मला भीती वाटते, आई. मी तिकडे पाणीपट्टीच्या ऑफिसात असेन आणि तुम्ही कुठेतरी पडलेल्या असाल. रोज फोन वाजला की आधी तेच मनात येतं.”

“भीती तुझी, आणि खुर्ची मला?”

“माझी लाज वाटली असती तर समजलं असतं,” एर्मिंदा म्हणाली. “तू मला वेडी ठरवलंस. आणि तेही कोणासमोर? जी एकटी माझ्याकडे बघून बोलते तिच्यासमोर.” तिचा आवाज पुन्हा खाली गेला होता. पण आता कोणी ‘मोठ्याने बोला’ म्हटलं नाही. तिघंही पुढे वाकून ऐकत होते. “आणि तुम्ही,” ती नवऱ्याला म्हणाली, “इतकी वर्षं पाय चोळलेत. एक वाक्य सांगितलं असतंत तर चोळावे लागले नसते.”

“मला वाटलं…”

“दूधवाल्याच्या घरात दुधाचं वाईट कसं सांगायचं, असं वाटलं. माहीत आहे. माझ्या हातापेक्षा तुमच्या गाईंची अब्रू मोठी.”

कुस्तोदिया उठली आणि माठातलं पाणी पेल्यात ओतून टेबलावर ठेवून गेली. पाणी गार होतं. तिने ते कोमट करून दिलं नाही, हे एर्मिंदाच्या लक्षात आलं.

तिने उंबऱ्यावरून पाय उचलायचा प्रयत्न केला. नाही उचलला. कांपो एलियास धरायला पुढे झाला. तिने नुसता हात वर केला, तो जागच्या जागी थांबला. पाय अडले तर पावलापुढे रेघ आहे असं समजा आणि ती ओलांडा, हेही तिला तुंजाला शिकवलं होतं. फरशीच्या सांध्याची काळी रेघ होती, तिने ती ओलांडली. मग पुढची. टेबलाशी येऊन तिने गोळी उचलली. हात थरथरत होता, पेल्याच्या काठावर दात वाजले, थोडं पाणी रुआनावर सांडलं. पण गोळी गेली. मग तिने चांगुआचा वाडगा दोन्ही हातांनी ढकलून नवऱ्याच्या जागेपुढे नेला.

“हा तुम्ही खा. गार होतोय.”

ती बसली नाही. टोपीही काढली नाही.

“गोळी यापुढे पाण्याबरोबर. चांगुआ नंतर, मी मागितला तर. गुरुवारी मी तुंजाला जाणार, शनिवारी जाणार, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा धागा देऊन येणार. माझ्या नावाने या घरातून कोणी फोन करणार नाही. वळणापर्यंत मी सायकलने जाईन. ज्याला भीती वाटते त्याने शेजारून चालावं. किल्ली इथे ठेवा, टेबलावर.”